लाउरीचं पहिलं वचन

टेकविनचा पाय जूनमध्ये ट्रॅक्टरखाली सापडला. तो इस्पितळातून काठी टेकत घरी आला तेव्हा गवत कापून झालं होतं, गंजी रचून झाली होती, आणि त्याच्या हद्दीचा दगड उतारावरून खाली सरकला होता.

फार नाही. एखादी गाडी वळेल एवढाच. पण तेवढ्यानं रोवनचं झाड पलीकडे गेलं, आणि झाडाच्या मुळाशी असलेला झराही गेला. ब्रिनग्लासच्या शेतावर तो एकच झरा असा, की भर जानेवारीत सगळा डोंगर गोठला तरी त्याचं पाणी वाहतं राहतं.

ती जागा पहिल्यांदा दिसली ती टेकविनच्या बायकोला, नेस्टाला. जुन्या खड्ड्यावर कुणीतरी हिरवळीचा तुकडा नीट बसवला होता, पण आजूबाजूच्या गवताशी त्याचा रंग जमत नव्हता. दात पडल्यावर हिरडी दिसते तशी ती जागा दिसत होती.

“इद्वलचं काम,” ती म्हणाली.

टेकविन काठीवर रेलून बघत राहिला. पलीकडचं शेत हाफोदच्या इद्वलचं. इद्वल म्हणजे चॅपेलचा, आमच्या प्रार्थनाघराचा, सगळ्यात थोरला डीकन, म्हणजे कारभारी. दाराएवढा रुंद, आणि आवाज असा की स्तोत्राला तो लागला की मागच्या बाकांना उगाच तोंड हलवलं तरी चालतं.

“आपलं गवत त्यानंच कापून दिलं ना,” टेकविन म्हणाला.

“दिलं. कापता कापता हद्द बघून ठेवली.”

“काइनवेननं महिनाभर पोरांना सूप पाठवलं.”

“नवरा दगड हलवतो, बायको सूप पाठवते. चांगली जोडी आहे.”

“नेस्टा, मी बोलतो त्याच्याशी. जरा पाय सावरू दे.”

पाय सावरला, बोलणं काही झालं नाही. टेकविन हा माणूसच तसा. मेंढीनं लाथ मारली तरी आधी तिच्या खुरात काटा आहे का ते बघायचा. आणि हद्दीचा कागद कुठे होता कुणाकडे? बाप मुलाला वर्षातून एकदा डोंगरावर नेतो, दगडावर हात ठेवायला लावतो, झालं. टेकविनच्या बापानं त्याचा हात ठेवून घेतला होता. तो बाप आता चॅपेलमागच्या मातीत होता, आणि तिथून साक्ष देता येत नाही.

सप्टेंबरात इद्वलनं झऱ्याभोवती तार ओढली.

त्या दिवसापासून नेस्टा खालच्या ओढ्यावरून पाणी आणू लागली. ओढ्याचं पाणी गढूळ, वाट चढाची. टेकविनला एका हातात काठी लागायची, म्हणून दोन्ही बादल्या तिच्याच. बादलीची कडी बोटांत रुतून त्या जागी कातडी फाटायची, रात्री ती मेंढीच्या लोकरीचं तेल लावायची, सकाळी पुन्हा फाटायची. मागून लेक लाउरी यायची, तिची पाच वर्षं ऑक्टोबरात भरणार होती. तिच्या हातात दुधाचा छोटा डबा असायचा. निम्मं पाणी तिच्या मोज्यांत जायचं.

एका सकाळी एडक्यांच्या छातीला लाल गेरू फासायचा होता, म्हणजे कुठल्या मेंढीला एडका लागला ते पाठीवरच्या डागावरून कळतं, आणि वेळ नव्हता. नेस्टानं सरळ तारेखालून बादली सरकवली.

“अगं, अगं!” इद्वल भिंतीपलीकडून उठून उभा राहिला. त्याचा कुत्रा तारेशी येऊन बसला. “विचारायचं होतंस, नेस्टा. मी काय नाही म्हणणार आहे? शेजारी कशाला असतात?”

“माझ्याच झऱ्याचं पाणी विचारून घेऊ?”

“कुणाचा झरा हे देव जाणे. आपण सगळी त्याची भाडेकरू.” त्यानं हसून टोपी मागे सारली. “भर, भर बादली. लाउरी, तूही भर गं बाळा. काका नाही म्हणत नाही.”

लाउरीनं डबा पुढे केला. नेस्टानं तो तिच्या हातातून काढून घेतला, भरलेली बादली तिथेच गवतावर ओतली आणि रिकामी बादली घेऊन खाली उतरली. घरी आल्यावर तिनं गेरूत तेल इतकं रगडलं की वाडगा फुटला.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या चॅपेलमध्ये पाहुणा उपदेशक आला, दरीच्या टोकाचा एम्लिन प्यू. तो बोलायला उभा राहतो तेव्हा बाजारात भाव सांगणाऱ्या माणसासारखा बोलतो. मग कुठल्यातरी वाक्याला आवाज एक पायरी चढतो, परत उतरत नाही, दुसऱ्या वाक्याला आणखी एक चढतो, आणि बोलणं कधी गाणं झालं ते ऐकणाऱ्याला कळत नाही. म्हाताऱ्या बाया डोळे मिटून डोलू लागतात. तो सूर ज्यानं ऐकला नाही त्याला आमचा देव अर्धाच कळला.

त्या दिवशी प्यूनं गायलं ते बायबलातलं हद्दीच्या दगडाचं वचन. शेजाऱ्याचा दगड हलवणाऱ्यावर शाप आहे, आणि शाप उच्चारला की सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं आहे, असं ते जुनं, कडक वचन. प्यूला आमच्या भानगडीचं काही ठाऊक नव्हतं. तो एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा ते त्याच्या गळ्यातून घंटेसारखं निघालं.

“आमेन!”

व्यासपीठाखालच्या थोरल्या बाकावर डीकन मंडळी लोकांकडे तोंड करून बसतात. तिथून हा आवाज आला. इद्वलचा. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पाणी, अगदी मनापासून.

नेस्टानं पुढच्या बाकाची कड गच्च धरली. टेकविननं तिचा हात धरला, त्याला वाटलं उपदेशानं तिला गहिवरून आलं.

“ऐकलंस?” घरी येताना ती म्हणाली.

“सुंदर गायला.”

“प्यूचं नाही विचारत. त्यानं आमेन म्हटलं, टेकविन. स्वतःवर. आणि त्याला कळलंही नाही.”

“मग देवालाच कळलं असेल. सोड ना.”

“देवाला पुष्कळ कामं आहेत.”

नेस्टा गप्प झाली की घरातलं मांजरसुद्धा चुलीपासून उठतं.

आमच्या दरीत जानेवारीत रस्ता बर्फानं बंद होतो, आणि म्हणून ऑक्टोबरात सुईणीला जेवायला वेळ मिळत नाही. निम्मी पोरं ऑक्टोबरची. त्यामुळे वाढदिवस घरोघरी करण्यापेक्षा पूर्वीपासून एकच ठरलेलं: आभाराच्या सोमवारी, पीकपाणी घरात आल्याबद्दल देवाचे आभार मानून झाले की, चॅपेलच्या मागच्या खोलीत सगळ्या ऑक्टोबरच्या पोरांचा एकच लांब केक. काइनवेननं केलेला, बेदाणे घालून, आदल्या रात्री चहात भिजवून. प्रत्येक पोराची आपली एक मेणबत्ती. लहानांची मेणबत्ती आई पेटवते. पण ज्या पोरानं त्या दिवशी सगळ्यांसमोर आपलं पहिलं वचन न अडखळता म्हटलं, त्याच्या हातात काडेपेटी देतात. स्वतःची मेणबत्ती स्वतः पेटवायची. तिथून पोर मोठं झालं म्हणायचं.

लाउरीला ती काडेपेटी हवी होती. उन्हाळ्यापासून ती काड्यांऐवजी गवताच्या काड्या घासून तोंडानं फुर्र करत होती.

वचन मात्र आधी रविवारच्या शाळेत काइनवेनला म्हणून दाखवावं लागे. तिनं लाउरीला सगळ्यात सोपं दिलं होतं, देवाच्या प्रेमाचं, तीन शब्दांचं. पोरगी ते पहिल्याच दिवशी म्हणाली आणि पुदिन्याची गोळी घेऊन आली.

“हे शाळेत म्हणायचं,” नेस्टानं तिला ओढ्याच्या वाटेवर सांगितलं. “सोमवारी दुसरं म्हणायचं. मोठं. आईचं.”

“मोठं कशाला?”

“तू मोठी झालीस म्हणून. पण काइनवेनकाकूला सांगायचं नाही.”

“का?”

“गंमत.”

“बाबाला?”

“बाबालाही नाही.”

मग दर पावलाला एक शब्द असं पाठांतर सुरू झालं. बादल्या घेऊन वर चढायचं, एका पावलाला शेजाऱ्याचा, एका पावलाला दगड. दम लागायचा, शब्द तुटायचे. नेचे वाळून तांबडे झाले होते, टेकविन बसल्या बसल्या विळ्यानं ते जनावरांखाली घालायला कापायचा आणि दुरून बघायचा: माय पुढे, लेक मागे, दोघींचे ओठ हलतायत. त्याला बरं वाटायचं.

“शाप म्हणजे काय?” एकदा लाउरीनं विचारलं.

नेस्टानं बादल्या खाली ठेवल्या. “वाईट काम करणाऱ्याला देवानं मारलेली हाक.”

“हाक मारल्यावर तो येतो?”

“येतो. आणि तू म्हणालीस की सगळे आमेन म्हणतील. आमेन होईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. कळलं?”

“आणि मग काडेपेटी.”

“मग काडेपेटी.”

आभाराचा सोमवार उजाडला तो स्वच्छ, थंड. डोंगरावर एडके सोडले होते आणि मेंढ्यांच्या पाठी एकेक करून लाल व्हायला लागल्या होत्या. चॅपेलच्या खिडक्यांत बटाटे, सलगम, ओटच्या पेंढ्या मांडल्या होत्या. नेस्टानं लाउरीच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या की पोरीच्या भुवया वर गेल्या. धाकटा देयो, ज्याची तीन वर्षं नोव्हेंबरात, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी भरायची होती, टेकविनच्या मांडीवर बसून बूट काढत होता आणि टेकविन ते पुन्हा चढवत होता.

पोरं वयाप्रमाणे रांगेत उभी राहिली, लहान आधी. थोरल्या बाकावर इद्वलच्या पायाशी त्याच्याच झाडांच्या सफरचंदांची टोपली. रीत अशी की पोरानं वचन म्हणायचं, थोरल्या डीकननं “आमेन, शाब्बास” म्हणायचं आणि सफरचंद द्यायचं. सुताराचा मुलगा म्हणाला, आमेन, शाब्बास, सफरचंद. पोस्टमनची जुळी एकाच श्वासात म्हणाली, लोक हसले, आमेन, शाब्बास, दोन सफरचंदं.

“आता ब्रिनग्लासची लाउरी,” काइनवेन बाजूच्या बाकावरून म्हणाली. “तिचं पहिलं वचन.” आणि तिनं ओठांनीच ते तीन शब्द उच्चारून दाखवले, पोरीला आधार म्हणून.

लाउरीनं काइनवेनकडे पाहिलं. तोंड उघडलं. पहिला शब्द ओठांवर आला तो काइनवेनचाच, आणि नेस्टा बाकावरून अर्धी उठली. एवढे दिवस, एवढ्या बादल्या. पोरगी थांबली. तिनं एक पाय उचलून पुढे ठेवला, ओढ्याच्या वाटेवर ठेवायची तसा, आणि मोठं वचन सुरू केलं.

एका पावलाला एक शब्द. चालत चालत ती थोरल्या बाकाच्या अगदी समोर आली. आवाज बारीक, पण असा स्वच्छ की मागच्या बाकावरच्या बहिऱ्या ओवेननंही मान वर केली. शेजाऱ्याचा दगड आला, हलवणारा आला, शाप आला. तो शब्द ती जरा जोरातच म्हणाली, हाक मारायची असते ना, म्हणून.

मग ती थांबली आणि हात पुढे केला.

तार सगळ्यांनी पाहिली होती. रोवनचं झाड सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळाभर जो तो आपल्या चहात बघत बसला होता, आता जो तो इद्वलकडे बघत होता. इद्वलच्या हातात सफरचंद होतं. त्याची मान कॉलरपासून वर लाल होत गेली, एडक्याच्या छातीसारखी.

लाउरी वाट बघत राहिली. मग तिला वाटलं काका विसरले.

“इद्वलकाका,” ती म्हणाली, “आमेन म्हणायचं राहिलं.”

इद्वलचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“ऐकू नाही आलं,” लाउरी म्हणाली.

“आमेन,” इद्वल म्हणाला.

शाब्बास म्हणाला नाही. सफरचंद तिच्या हातात ठेवलं, ते घसरलं आणि बाकाखाली घरंगळत गेलं. पोरगी वाकून ते काढायला गेली तेव्हा सगळं चॅपेल तिच्या पेटीकोटाकडे बघत होतं, इद्वलकडे बघायला नको म्हणून.

रांगेत पुढची शिवान होती, इद्वलची नात, लाउरीपेक्षा वर्षानं मोठी आणि तिची जिवाची मैत्रीण. तिला तिचं वचन आठवेना. ती आजोबांकडे बघत राहिली, मग रडायला लागली. काइनवेननं तिला जवळ ओढून घेतलं.

नेस्टाला ते गोड लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा तिची बोटं दुखायची थांबली. टेकविननं मात्र तिच्याकडे पाहिलं नाही. तो देयोचा बूट चढवत होता, आधीच चढवलेला.

मागच्या खोलीत केक मांडलेला होता. इद्वल आला नव्हता. काइनवेन आली. तिनं नेहमीसारखे कप मांडले, मेणबत्त्या खोचल्या, आणि लाउरीची पाळी आली तेव्हा काडेपेटी तिच्या हातात दिली. पोरीनं पहिल्याच काडीत मेणबत्ती पेटवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हातमोजे घातल्यासारख्या.

काइनवेन केकची बशी घेऊन नेस्टाजवळ आली.

“दगडाचं मी त्याला रोज बोलत होते,” ती हळू म्हणाली. “हिवाळ्याआधी ठेवून दे म्हणत होते. तू माझ्यापाशी का आली नाहीस?”

“तुमचं सूप फार झालं होतं, काकू. आणखी काही मागायची लाज वाटली.”

काइनवेननं ते गिळलं. “त्याला सांगायचं ते तू सांगितलंस. बरं केलंस. पण ती पोरगी चार रविवार माझ्यासमोर उभी राहून देवाच्या प्रेमाचं म्हणत होती आणि माझ्या हातची गोळी खात होती. तेव्हाच तिला माहीत होतं, आपण काकूला फसवतोय.” तिनं बशी नेस्टाच्या हातात दिली. “खा. चांगला भिजलाय.”

नेस्टानं खाल्ला. चांगला भिजलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकविन मेंढ्या बघायला वर गेला तो लवकर आला नाही. आला तेव्हा कोपरापर्यंत चिखल.

“कुठे होतास?”

“दगड जड आहे. त्याला एकट्याला उचलेना. मी पहार धरली.”

“तू त्याला मदत केलीस?”

“दगड आपलाच होता ना.” तो बाकावर बसला, पाय दोन्ही हातांनी उचलून समोर ठेवला. “तार पण काढली त्यानं.”

“काय म्हणाला?”

“पाय कसा आहे म्हणाला.”

“आणि?”

“बरा आहे म्हटलं.”

नेस्टा बादल्या घेऊन धावतच वर गेली. दगड जुन्या खड्ड्यात बसला होता, भोवती ओली माती दाबलेली. तिनं त्यावर हात ठेवला, मग झऱ्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि बोटं बधिर होईपर्यंत तसेच ठेवले. भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. कुत्रासुद्धा नव्हता. तिला जरा चुकल्यासारखं झालं. त्यानं बघायला हवं होतं.

रविवारी थोरल्या बाकावरची इद्वलची जागा रिकामी होती. तो शेवटच्या बाकावर, बहिऱ्या ओवेनच्या शेजारी बसला. स्तोत्र सुरू झालं आणि सगळ्यांना एकदम कळलं की आपले आवाज किती पातळ आहेत. नेस्टा मात्र मोठ्यानं गायली.

शनिवार आला तो देयोच्या वाढदिवसाचा. तीन वर्षं भरली की आमच्याकडे पोराचे केस पहिल्यांदा बाप कापतो, मेंढरांच्या कातरीनं नव्हे, पण तसंच गुडघ्यांत धरून. देयो ओरडला, टेकविननं त्याच्या कानात मेंढीसारखं बें केलं, पोरगा ओरडता ओरडता हसला. झऱ्याच्या पाण्याची किटली चुलीवर होती. नेस्टानं स्वतः केक केला होता, मधोमध जरा बसलेला. चार ताटल्या घरच्या, एक शिवानची. दर वर्षी ती या दिवशी यायची, सकाळीच यायची, भिंतीवरून उडी मारून.

लाउरी दारात उभी राहून बघत होती. मग ती खिडकीशी गेली. मग पुन्हा दारात.

“येईल,” नेस्टा म्हणाली.

“दुपार झाली.”

“मग नसेल यायचं तिला. आपण कापू केक.”

नेस्टानं केक कापला, लाउरी टेबलाशी येऊन बसली. तिनं खिशातून ओढ्यातले खडे काढले आणि आपल्या ताटलीभोवती ओळीनं मांडले, माझं इकडे, तुझं तिकडे. देयोनं कापलेल्या केसांचं डोकं पुढे करून एक खडा उचलला आणि तोंडात घालायला नेला.

लाउरी खुर्चीवर उभी राहिली. एक पाय पुढे ठेवला. आणि तिनं त्याच स्वच्छ आवाजात सबंध वचन भावावर म्हटलं, एक शब्दही न चुकता, शापावर जरा जोर देऊन.

“आमेन म्हण,” ती म्हणाली.

“आमे,” देयो म्हणाला आणि हसला. त्याच्या ओठांवर केकचा चुरा होता.

टेकविननं कात्री टेबलावर ठेवली. चुलीवर किटलीचं झाकण उडायला लागलं होतं, ते काढायला कुणी उठलं नाही.

“लाउरी, खाली बस,” नेस्टा म्हणाली. “ते त्या दिवशीपुरतं होतं.”

“पण दगड आला ना परत.” पोरगी खरंच विचारत होती. “मी म्हटलं आणि आला. आई, शिवान आली नाही. आता तिच्यावर म्हणू?”

लाउरी खुर्चीवर तशीच उभी होती, जागेवरून न हलता. आमेन व्हायचं राहिलं होतं, आणि तिनं हात पुढे केला होता, सफरचंदासाठी करतात तसा.